‘बाळांचे टेबल पुरते, मोठ्यांसाठी वेगळे कशाला?’ : एका फिरत्या मजकुराचा प्रतिवाद

दिव्यांग मुलांच्या पालकांच्या आणि विशेष शाळांच्या व्हॉट्सॲप गटांतून सध्या एक मजकूर फिरतो आहे. मोठ्या मुलांचे आणि प्रौढांचे डायपर बदलण्यासाठी संस्थांनी उंची कमी-जास्त करता येणारे खास टेबल घेणे म्हणजे देणगीदारांच्या पैशांची उधळपट्टी आहे, असे त्यात म्हटले आहे. त्यासाठी कारणे पाच दिली आहेत : बाळांचे भिंतीवरचे टेबल पुरते, ते न पुरल्यास दवाखान्यातले तपासणीचे टेबल आणता येते, दोन माणसे मुलाला सहज उचलतात, विजेवरचे यंत्र लोडशेडिंगमध्ये अडकते, आणि मुळात वापरणारे असतात तरी किती. लिहिणाऱ्याचा हेतू काटकसरीचा असावा, पण या पाचांपैकी एक कारण अर्धे खरे आहे आणि उरलेली चार टिकणारी नाहीत.

बाळांच्या टेबलाबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. घरगुती चेंजिंग टेबलांसाठीचे युरोपीय मानक पंधरा किलोपर्यंतच्या मुलांचा विचार करते. अशा टेबलावर दहा वर्षांचे मूल ठेवले तर त्याचे पाय गुडघ्यापासून खाली लोंबतात आणि सगळा भार भिंतीतल्या बिजागरीवर येतो. पट्टा आहे म्हणून ते सुरक्षित ठरत नाही, कारण पट्टा बाळाची वळवळ रोखण्यासाठी असतो, वजन पेलण्यासाठी नव्हे.

तपासणीच्या टेबलाचा मुद्दा अधिक फसवा आहे, कारण सहा फूट लांबीचे ते टेबल दिसायला अगदी हवे तसेच दिसते. त्याची उंची मात्र पक्की असते, साधारण पंचाहत्तर ते ऐंशी सेंटिमीटर. चाकाच्या खुर्चीची बैठक पंचेचाळीस ते पन्नास सेंटिमीटरवर असते, म्हणजे प्रत्येक वेळी त्या व्यक्तीला जवळपास फूटभर वर उचलावे लागते. सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील इजेमुळे स्नायूंवर नीट ताबा न राहणे) असलेल्या मुलाला असे उचलले की अनेकदा त्याचे स्नायू एकदम ताठरतात, पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढतात आणि पाठ मागे ताणली जाते. बगलेत हात घालून धरणाऱ्याचा सगळा जोर तेव्हा मुलाच्या खांद्यावर येतो. टेबलावर ठेवल्यानंतर डायपर काढण्यासाठी त्याला कुशीवर वळवावे लागते, आणि दोन फूट रुंदीच्या टेबलावर वळवले की गुडघे कडेबाहेर जातात. कठडाही नसतो, त्यामुळे एका मदतनिसाचे दोन्ही हात मुलाला धरण्यातच अडकतात आणि स्वच्छतेचे काम करायला दुसरे माणूस लागते. खुर्चीवरून सरकण्यासाठी टेबल खाली हवे आणि मदतनिसाची पाठ वाकू नये म्हणून ते कमरेइतके वर हवे. या दोन्ही गरजा एका पक्क्या उंचीत बसत नाहीत, आणि उंची बदलणाऱ्या टेबलाचे सगळे समर्थन एवढ्यातच आहे. कमरेखाली पक्षाघात असलेल्या, हातांत बळ असलेल्या प्रौढाचाही येथे विचार करायला हवा. टेबल खुर्चीच्या पातळीवर आले तर तो खुर्ची आणि टेबल यांच्यामध्ये टाकलेल्या फळीवरून स्वतःच सरकतो, आणि टेबल पक्क्या उंचीचे असेल तर त्यालाही दुसऱ्याच्या हातांवर अवलंबून राहावे लागते.

काटकसरच करायची असेल तर फिजिओथेरपीसाठी मिळणारे वर-खाली होणारे टेबल बघावे. ते खुर्चीच्या पातळीपर्यंत उतरत असेल, त्याला कठडा लावता येत असेल आणि गादीचे आवरण पाण्याने पुसण्याजोगे असेल, तर शाळेच्या खोलीत ते चांगले काम देते.

दोन माणसे उचलतात, हे घडते यात शंका नाही. प्रश्न किती वर्षे, हा आहे. रुग्ण हाताने उचलण्याची मर्यादा अमेरिकेत २००७ मध्ये मांडली गेली, ती अनुकूल परिस्थितीतही पस्तीस पौंड, म्हणजे सुमारे सोळा किलो आहे. बारा वर्षांच्या मुलाचे वजन सहज पस्तीस किलोच्या आसपास असते, आणि दोघांनी उचलले म्हणून ते समान वाटले जात नाही, कारण धडाकडची बाजू नेहमीच जड असते. जमिनीवर चटई टाकून तिथेच डायपर बदला, असा सल्लाही कोणी देतात, तो तर याहून वाईट आहे. आपल्याकडच्या स्वच्छतागृहांची ओली फरशी बाजूला ठेवली तरी जमिनीवरून वर उचलणे हाच या कामातला सर्वांत कठीण भाग आहे. अशा दिव्यांगांसाठी सार्वजनिक ठिकाणी सोयीची स्वच्छतागृहे मागणाऱ्या, ब्रिटनमध्ये २००६ साली सुरू झालेल्या ‘चेंजिंग प्लेसेस’ मोहिमेने म्हणूनच टेबल आणि छताच्या रुळावरचे उचलण्याचे यंत्र यांची जोडी मानली. तेथील प्रमाणित खोली तीन बाय चार मीटरची असते आणि १ जानेवारी २०२१ पासून इंग्लंडमधील ठरावीक प्रकारच्या नव्या मोठ्या सार्वजनिक इमारतींत ती सक्तीची झाली. आपल्याकडे टेबलाचा फोटो अहवालात छान येतो म्हणून टेबल घेतले जाते आणि उचलण्याचे यंत्र पुढच्या वर्षावर जाते. छताला रूळ परवडत नसेल तर झोळीत घेऊन उचलणारे चाकांवरचे यंत्र चालते, मात्र त्याचे पाय टेबलाखाली शिरायला मोकळी जागा लागते. त्यामुळे खाली कपाट असलेले टेबल बाद होते.

‘वापरणारे किती’ हा प्रश्न उलटा विचारला जातो. सोय नाही म्हणून जे येतच नाहीत, किंवा बाहेर पडण्याआधी मुलाला पाणी कमी पाजून दोन तासांत घरी परततात, ते मोजणीत येणार कसे? शिवाय गरज मुलांपुरती नाही. मणक्याची इजा, स्नायूंचा क्षय, पक्षाघात, स्मृतिभ्रंश अशी कारणे असलेले प्रौढही यात येतात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मधील ‘वाजवी सोयी’ची व्याख्या संस्थेवर अवाजवी बोजा पडू नये हेही पाहते, त्यामुळे खर्चाचा युक्तिवाद करायला जागा आहे. पण तो स्वतःच्या कोटेशनच्या आधारे करावा लागेल, फॉरवर्ड केलेल्या मजकुराच्या आधारे नाही. सुगम्यतेचे नियम केवळ शिफारशीच्या स्वरूपात ठेवणे कायद्याशी विसंगत आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात स्पष्ट केले आहे.

लोडशेडिंगचा मुद्दा शेवटी घेतला, कारण अर्धे खरे कारण हेच. तालुक्याच्या गावी वीज जाते आणि वर गेलेले टेबल वरच राहू शकते. यावर उपाय पक्क्या उंचीचे टेबल हा नाही. पायाने पंप मारून चालणारी हायड्रॉलिक टेबले मिळतात, त्यांना वीज लागत नाही. विजेवरचेच घ्यायचे तर बॅटरी आणि हाताने खाली आणण्याची सोय असलेले घ्यावे. भिंतीवर बसवायचे असल्यास भिंत कसली आहे हे आधी पाहावे, कारण हलक्या ब्लॉकच्या किंवा जिप्समच्या भिंतीला मागून लोखंडी चौकट दिल्याशिवाय हा भार पेलत नाही. माहितीपत्रकात वजनक्षमता ठळक छापलेली असते. आपण सर्वांत खालची उंची विचारावी आणि टेप लावून मोजावी. पैसे चुकते करण्यापूर्वी मोठ्या माणसाला टेबलावर निजवून ते पूर्ण वर न्यावे, मेन स्विच बंद करावा आणि विक्रेत्याच्या माणसाला ते खाली आणून दाखवायला सांगावे.