अनलिमिटेड म्हणे! परदेशी कॉलसाठी प्रीपेड सिम निवडायची डोकेदुखी

दुकानाच्या काचेवर हातभर अक्षरांत लिहिलेलं असतं, ‘अनलिमिटेड कॉल’. शेवटच्या अक्षराच्या डोक्यावर मुंगीएवढी फुली, आणि त्या फुलीचा खुलासा पोस्टरच्या पार तळाशी, नेमकी जिथे दुकानदाराने चिकटपट्टी मारलेली असते. खुलासा एवढाच, की अनलिमिटेड म्हणजे लोकल, एसटीडी आणि देशातलं रोमिंग. परदेशी कॉल त्यात नाही. महिन्याचा रिचार्ज मारा, तीन महिन्यांचा मारा, वर्षाचा मारा, नाही म्हणजे नाही. अनलिमिटेड थाळी सांगायची आणि पोळीचे पैसे वेगळे लावायचे, तसला हा प्रकार. लेक मेलबर्नला, आई-वडील साताऱ्याला. वर्षभराचा रिचार्ज मारून निर्धास्त बसलेले. कॉल लावला की पलीकडून बाई गोड आवाजात सांगते, आपल्या खात्यात पुरेशी शिल्लक नाही. अहो, हजारो रुपये कालच भरलेत ना!

भरलेत, पण ते पॅकमध्ये गेले. मेन बॅलन्स शून्यच. आयएसडी, म्हणजे इथून परदेशात लावलेल्या, कॉलचे पैसे कापले जातात मेन बॅलन्समधून, म्हणजे आता वर टॉपअप मारा. टॉपअपचा हिशोब ऐकाल तर डोकं फिरेल. १० रुपयांच्या टॉपअपवर बोलायला मिळतात ७ रुपये ४७ पैसे. १०० वर ८१.७५. १००० वर ८४४.४६. आधी १८ टक्के जीएसटी काढून घेतात, मग उरलेल्यातून प्रोसेसिंग फी, दहाला एक रुपया आणि शंभर किंवा हजारला तीन रुपये. आता गंमत बघा. शंभर रुपये एकदम टाकले तर ८१.७५, आणि दहा-दहाचे दहा टॉपअप मारले तर ७४.७०. सात रुपये हवेत. आणि दहा-दहाचे कोण मारतं? ज्यांना शंभर एकदम टाकायची धास्ती वाटते ती म्हातारी माणसं. म्हणजे जो जपून खर्च करतो त्यालाच जास्त चाट.

आता दुकानदाराकडे जा आणि म्हणा, ‘परदेशात बोलायचा पॅक द्या.’ बरेच जण इंटरनॅशनल रोमिंगचा पॅक मारून मोकळे होतात. तो पॅक हे सिम घेऊन तुम्ही परदेशात गेलात तर कामाचा. इथे घरात बसून तिकडे फोन लावायचा असेल तर लागतो आयएसडी पॅक. दोन्हींत ‘इंटरनॅशनल’ आहे ना, मग झालं! रोमिंगचे पॅक शेकड्यांत, हजारांत असतात आणि एकदा मारला की परत होत नाही. काही कंपन्यांच्या ॲपमध्येही हे दोन्ही एकाच ‘इंटरनॅशनल’ नावाच्या खणात कोंबलेले. पैसे भरायच्या आधी पॅकच्या तपशिलात ‘भारतातून परदेशी कॉल’ असं स्पष्ट लिहिलंय का ते वाचा. नसेल तर तो पॅक तुमचा नाही, दुकानदार कितीही मान डोलावू दे.

आणि दर? दर म्हणजे तर आनंदीआनंद. ऑक्टोबर २०२४ मध्ये जिओने आयएसडीचे मिनिटांचे पॅक जाहीर केले तेव्हाचे आकडे घ्या. अमेरिका-कॅनडासाठी ३९ रुपयांत ३० मिनिटं. ब्रिटनसाठी ७९ रुपयांत १० मिनिटं. यूएई, सौदी, कुवेत, बहारीनसाठी ९९ रुपयांत १० मिनिटं. मुदत सगळ्यांची ७ दिवस. म्हणजे न्यूयॉर्कला मिनिटाला १ रुपया ३० पैसे आणि दुबईला ९ रुपये ९० पैसे. मुंबईहून दुबई विमानाने तीन तासांवर, न्यूयॉर्क जगाच्या दुसऱ्या टोकाला! लोक चक्रावतात, पण यात अंतराचा काडीइतका संबंध नाही. कॉल जिथे जाऊन पडतो तिथली कंपनी तो पोचवायचे पैसे घेते. आपल्याकडे देशांतर्गत कॉलवरचं हे शुल्क १ जानेवारी २०२१ पासून शून्य झालं, म्हणून तर अनलिमिटेड परवडतं. अमेरिकेत ते अगदी नगण्य आहे, कारण तिथे पूर्वीपासून फोन घेणाऱ्याचीही मिनिटं मोजली जायची. आखातात ते भरमसाट आहे. तुमची इथली कंपनी ते तुमच्याकडून वसूल करते आणि वर स्वतःचं लावते.

आखाताचं दुखणं इथेच संपत नाही. ‘मग व्हॉट्सॲपवर बोला की,’ असं सांगणारे शहाणे गल्लोगल्ली भेटतात. यूएईत व्हॉट्सॲपवर मेसेज जातो, कॉल चालत नाही. फेसटाइमचंही तेच. तिथे सरकारची परवानगी असलेली बोटिमसारखी ॲप वापरावी लागतात, म्हणजे ते ॲप इकडच्या आईच्या फोनमध्येही हवं. आणि आईकडे बटणांचा फोन असेल तर? रत्नागिरी-रायगडातल्या किती घरांतली माणसं आखातात राबतायत, त्यांच्या घरच्यांसाठी साधा कॉल ही चैन नाही, गरज आहे. आणि नेमका त्याच कॉलला इतका जास्त दर.

सगळ्यात मोठी मखलाशी आहे पल्समध्ये, आणि त्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. पल्स म्हणजे मीटर किती सेकंदांच्या टप्प्याने पुढे सरकतो ते. आयएसडीची पल्स बहुतेक ठिकाणी ६० सेकंदांची असते. ६१ सेकंद बोललात की दोन मिनिटं गेली. १० मिनिटांचा ९९ रुपयांचा पॅक धरा. कॉल लागला, ‘हॅलो, ऐकू येतंय का, हॅलो’ यातच १ मिनिट ४ सेकंद गेले आणि कट झाला. कापली दोन मिनिटं. परत लावला, २० सेकंदांत ‘मी मीटिंगमध्ये आहे, नंतर बोलतो’. कापलं एक मिनिट. प्रत्यक्ष बोलणं ८४ सेकंद, हिशोब तीन मिनिटांचा, म्हणजे २९ रुपये ७० पैसे. बोललेल्या दर मिनिटाला २१ रुपये पडले! जाहिरातीत होते ९.९०. आणि त्या आठवड्यात पुन्हा फोन झाला नाही तर उरलेली सात मिनिटं सातव्या दिवशी गंगेला. मग तर ८४ सेकंदांचे पूर्ण ९९.

व्हॉइसमेलचंही तसंच. पलीकडे मशीनने जरी फोन उचलला तरी कॉल ‘उचलला’ गेला, मीटर सुरू. रिंग वाजत असताना पैसे नाहीत, पण ‘कृपया बीपनंतर निरोप ठेवा’ ऐकू आलं की एक मिनिट गेलंच समजा. त्यातून विद्यापीठाचं ॲडमिशन ऑफिस, परदेशी बँक, विमान कंपनी यांना फोन लावायचा असेल तर देवच वाली. तिथे सगळ्यात आधी मशीनच उचलतं. मग एक दाबा, चार दाबा, आणि मग होल्डवर पिपाणी. प्रत्येक मिनिट पूर्ण दराने. त्यांचा टोल फ्री नंबर, १८०० वाला, आहे तो त्यांच्या देशातल्या माणसांसाठी. इथून तो बहुधा लागतच नाही, आणि लागला तर फुकट नसतो. वेबसाइटवर ‘परदेशातून फोन करणाऱ्यांसाठी’ म्हणून वेगळा नंबर दिलेला असतो, तो शोधा. पॅकची मिनिटं मध्येच संपली तर दोनच गोष्टी होतात. मेन बॅलन्स असेल तर कॉल मूळ दराने चालू राहतो आणि बॅलन्स धुऊन नेतो, नसेल तर तासभर ताटकळून माणूस फोनवर आला की नेमका कट.

आधी हे काम स्काइपवर स्वस्तात व्हायचं. संगणकावरून परदेशातल्या लँडलाइनला चार पैशांत कॉल. मायक्रोसॉफ्टने ५ मे २०२५ ला ते दुकानच बंद केलं. आता आहेत ती बाकीची ॲप, प्रत्येकाचं क्रेडिट वेगळं, दर वेगळा. काहींत तर पलीकडे भलताच नंबर दिसतो, आणि अनोळखी नंबर म्हणून पोरं फोनच उचलत नाहीत.

कोड हा आणखी एक सापळा. +१ दिसलं की अमेरिका, असं सगळे धरून चालतात. कॅनडाही +१, आणि जमैका, डॉमिनिकन रिपब्लिकसारखे कॅरिबियन देशही +१. पुढचे तीन आकडे ८७६, ८०९, ८२९ असे असले की तो अमेरिकेचा दर नाही, कित्येक पट जास्त आहे. ब्रिटनच्या +४४ मध्ये लँडलाइनचा दर वेगळा, ७ ने सुरू होणाऱ्या मोबाइलचा वेगळा, आणि ७० ने सुरू होणारा नंबर तर दिसायला मोबाइल पण दर भलताच. काही पॅकच्या अटींत ‘फक्त लँडलाइन’ असे दोन शब्द लपवलेले असतात. २०२६ साली लँडलाइन आहे कुणाकडे? अनोळखी परदेशी नंबरवरून एकच रिंग देऊन कट झालेला मिस्ड कॉल आला तर उलट फोन कधीच लावू नका, तो महागड्या नंबरवर तुमचा कॉल ओढायचा धंदा आहे. आणि शून्य! +४४ नंतर ब्रिटनच्या नंबरचं सुरुवातीचं शून्य गाळायचं, +९७१ नंतर दुबईच्या ०५० मधलं शून्य गाळायचं, पण इटलीच्या लँडलाइनचं शून्य मात्र ठेवायचं. हे कुठल्या पॅकवर छापलंय? चुकीचा नंबर लागला, कुणी उचलला, की कापलं एक मिनिट.

काही जण सुचवतात, परदेशी कॉलसाठी दुसरं सिम ठेवा, ज्याचा आयएसडी स्वस्त ते. ऐकायला बरं वाटतं. पण त्या सिमवर बेसिक प्लॅनची व्हॅलिडिटी संपली की आउटगोइंग बंद, मग आयएसडी पॅक असून उपयोग काय? म्हणजे २८ दिवसांचा रिचार्ज त्याच्यावरही, वर्षाला बाराऐवजी तेरा वेळा. ९० दिवस वापरलंच नाही तर सिम बंद करायची तरतूद आहे. मेन बॅलन्समध्ये २० रुपये असतील तर ते कापून ३० दिवस वाढवून देतात, म्हणजे कॉलसाठी टाकलेला बॅलन्स सिम जिवंत ठेवण्यातच संपतो. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, नुसते कॉल आणि एसएमएसचे, डेटा नसलेले पॅक द्यायला कंपन्यांना भाग पाडलं, आणि अशा व्हाउचरची कमाल मुदत ९० वरून ३६५ दिवस केली. चांगलं केलं. दुसरं सिम ठेवायचंच असेल तर असला पॅक बघा. पण आयएसडी त्यातही नाहीच.

खरं सांगायचं तर इथलं सिम निवडत बसण्यापेक्षा तिकडचं निवडा. ब्रिटन, ऑस्ट्रेलियात असे प्रीपेड प्लॅन सर्रास मिळतात ज्यांत भारतात बोलायची भरपूर मिनिटं महिन्याच्या पैशांतच येतात, आणि आपल्याकडे इनकमिंग फुकट. फोन त्यांनी लावायचा, आपण नुसता उचलायचा. मात्र त्या पोरांना तीन गोष्टी बघायला सांगा. भारताची मिनिटं मोबाइलसाठीही आहेत की फक्त लँडलाइनसाठी, ‘अनलिमिटेड’च्या मागे फेअर यूजची मर्यादा किती मिनिटांची, आणि प्लॅन २८ दिवसांचा की ३०. फुलीचा धंदा तिकडेही जोरात आहे.

इथलंच सिम घ्यायचं ठरलं असेल तर पोर्ट करायची, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची, घाई करू नका. आधी ज्या एका देशात बोलायचंय त्याचा मोबाइलचा दर, पल्स आणि पॅकची मुदत कंपनीच्या साइटवर वाचा, दुकानदाराच्या तोंडून नको. मगच १९०० वर पोर्टचा मेसेज टाका. तोही जुना मेन बॅलन्स संपवून, कारण पोर्ट झाल्यावर उरलेला बॅलन्स नव्या सिमवर येत नाही, बुडतो. चुकीचे पैसे कापले गेले तर १९८ वर तक्रार करा आणि डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, लिहून घ्या. ‘सर, सिस्टिममध्ये तसं दिसत नाहीये’ एवढं ऐकवून ते फोन ठेवायला बघतील, ठेवू देऊ नका. नंबर हातात नसेल तर तक्रार झालीच नाही, आणि असेल तर उत्तर न पटल्यास ३० दिवसांत कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं. कॉल संपल्यावर पडद्यावर जी कपातीची पाटी येते ना, तिचा स्क्रीनशॉट तेव्हाच काढा, ओके दाबलं की ती गायब होते.