किंग क्रिमसनचं देणं

प्रोग्रेसिव्ह रॉकचा, म्हणजे लांब आणि गुंतागुंतीच्या रचनांच्या रॉकचा, विषय निघाला की आपल्याकडे गाडी पिंक फ्लॉइडवर येऊन थांबते. फार तर येस, जेनेसिस, रश. या सगळ्यांवर माझंही मनापासून प्रेम आहे. पण नंतरच्या संगीतकारांवर सगळ्यात खोल परिणाम कोणाचा झाला असं विचाराल तर माझं उत्तर गेली कित्येक वर्षं एकच आहे: इंग्लंडचा बँड किंग क्रिमसन. परवा यावरून एका मित्राशी चांगलीच जुंपली. त्याचं म्हणणं, "फ्लॉइडसारखे वाजणारे शंभर बँड दाखवतो, तू क्रिमसनसारखा वाजणारा एक दाखव." प्रश्न रास्त आहे. त्याला तिथल्या तिथे दिलेलं उत्तर तोकडं होतं, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

आधी १९६९. जानेवारीत लंडनच्या फुलहॅम पॅलेस रोडवरच्या एका कॅफेच्या तळघरात पाच जण तालमीला जमले. गिटारवर रॉबर्ट फ्रिप, बास वाजवणारा आणि गाणारा ग्रेग लेक, सॅक्सोफोन आणि कीबोर्डवर इयन मॅक्डोनल्ड, ड्रम्सवर मायकल जाइल्स आणि गाणी लिहिणारा पीट सिनफील्ड. जुलैत हाइड पार्कमध्ये रोलिंग स्टोन्सच्या फुकट कार्यक्रमात लाखोंच्या गर्दीसमोर ते वाजवत होते, आणि १० ऑक्टोबरला 'इन द कोर्ट ऑफ द क्रिमसन किंग' बाजारात आला. पहिलाच अल्बम, तोही स्वतःच निर्माण केलेला, इंग्लंडच्या यादीत थेट पाचव्या क्रमांकापर्यंत गेला.

त्यातलं पहिलं गाणं, 'ट्वेंटी-फर्स्ट सेंच्युरी स्किझॉइड मॅन', आज लावलं तरी अंगावर येतं. आवाज मुद्दाम फाटका केलेला, रिफ (पुन्हा पुन्हा येणारी छोटी चाल) जडशीळ, आणि मग मधला भाग. तिथे गिटार, सॅक्सोफोन, बास आणि ड्रम्स एकाच ओळीवर सुसाट धावतात, मध्येच कापल्यासारखे थांबतात, क्षणभर शांतता, आणि चौघेही पुन्हा त्याच क्षणी सुरू. कुठेही एक कण इकडेतिकडे नाही. रॉक बँड हे करू शकतो, हे तेव्हाच्या वादकांना पहिल्यांदा कळलं. येसचा ड्रमर बिल ब्रुफर्डने त्यांना लंडनच्या क्लबमध्ये ऐकलं आणि याच बँडमध्ये वाजवायचं असं त्याच्या मनाने घेतलं. १९७२ मध्ये 'क्लोज टू द एज'चं रेकॉर्डिंग आटोपताच, येस ऐन भरात असताना, तो खरंच येस सोडून क्रिमसनमध्ये गेला. पैसा, नाव, सगळं मागे टाकून. एखाद्या बँडचं वजन मोजायला मला याहून चांगलं माप माहीत नाही.

या पहिल्या काळाचा वारसा सगळ्यांना दिसतो. मेलोट्रॉन नावाचं एक कीबोर्ड होतं. त्याच्या प्रत्येक पट्टीखाली खऱ्या व्हायोलिन-बासरीचा आवाज भरलेली टेपची फीत असे. पट्टी दाबून ठेवली तरी आवाज आठेक सेकंदच टिकायचा, मग टेप संपायची. क्रिमसनने ते असं वापरलं की तो आवाज पुढची काही वर्षं इंग्लिश रॉकची ओळखच होऊन बसला. जेनेसिसने तर मेलोट्रॉन क्रिमसनकडूनच विकत घेतला. ग्रेग लेक बाहेर पडला आणि इमर्सन, लेक अँड पामर हा बँड उभा राहिला. ब्रायन फेरी क्रिमसनमध्ये गायला म्हणून ऑडिशन देऊन गेला. तिथे जमलं नाही, पण फ्रिप आणि सिनफील्डने त्याचं नाव आपल्या मॅनेजमेंटकडे पोचवलं आणि फेरीच्या रॉक्सी म्युझिक या बँडचा मार्ग मोकळा झाला. इयन मॅक्डोनल्ड पुढे अमेरिकेत फॉरिनर या बँडच्या संस्थापकांपैकी एक झाला.

बहुतेक लेख इथेच संपतात. 'प्रोग्रेसिव्ह रॉकचा पाया घातला' असं म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. माझा मतभेद नेमका इथे आहे. तो मेलोट्रॉनचा भव्य आवाज पाच-सात वर्षांत जुना झाला. क्रिमसन तेवढ्यावर थांबले असते तर आज ते इतिहासाच्या पुस्तकातलं एक पान असते. पण फ्रिपला स्वतःचंच यश दुसऱ्यांदा विकायचं नव्हतं. माणसं बदलत गेली, वाद्यं बदलत गेली, आणि १९७३ ला 'लार्क्स टंग्ज इन ॲस्पिक' आला तेव्हा पहिल्या बँडमधला एकटा फ्रिप उरला होता.

१९७४ चा 'रेड' हा माझ्या मते त्यांचा सगळ्यात दूरवर पोचलेला अल्बम. तिघंच जण: फ्रिप, जॉन वेटन, ब्रुफर्ड. सोबतीला काही पाहुणे वादक. आणि गंमत म्हणजे तो दुकानात यायच्या आधीच, सप्टेंबरमध्ये, फ्रिपने बँड संपल्याचं जाहीर करून टाकलं होतं. इंग्लंडच्या यादीत अल्बम ४५ व्या क्रमांकाच्या वर गेला नाही. पण शेवटचं गाणं 'स्टारलेस' ऐका, बारा मिनिटांचं आहे. आधी वेटनचा जड, दुखरा आवाज आणि सुरेल चाल. मग गाणं थांबतं आणि तेरा मात्रांचं एक बासचं आवर्तन सुरू होतं. त्यावर फ्रिप एकच सूर वाजवत राहतो. एकच. पुन्हा पुन्हा. मग अर्ध्या सुराने वर. पुन्हा तोच सूर. खाली ड्रम्स हळूहळू पेटत जातात, बास गुरगुरायला लागतो, आणि फ्रिप मात्र आपला संयम सोडत नाही. सोलो म्हणजे बोटांची कसरत, असं मानण्याच्या त्या काळात हा गिटारिस्ट मिनिटांमागून मिनिटं एकेका सुरावर ताण वाढवत बसलाय! अखेर तो बांध फुटतो तेव्हा खुर्चीत बसवत नाही.

ही ताण धरून ठेवण्याची कला, हे विषम मात्रांचं जड वजन, पुढे मेटलवाल्यांनी उचललं. टूल हा अमेरिकन मेटल बँड ऐका. लॅटरलससारख्या अल्बममध्ये ते जे करतात, एक आकृती धरून ठेवायची, तिच्याखालची लय सरकवत राहायची, स्फोट लांबवत न्यायचा, त्याचं मूळ इथे आहे. हे त्यांनी स्वतः कधी लपवलं नाही. २००१ मध्ये टूलच्या दौऱ्यात काही कार्यक्रमांना क्रिमसन आधी वाजवत होते, आणि टूलचा गायक मेनार्ड कीनन मंचावरून सांगायचा की आम्ही कोणाकडून ढापलं ते आता तुम्हाला कळलं असेल. फ्रिपचं उत्तर त्याहून सुंदर आहे. टूलच्या ॲडम जोन्सने त्याला विचारलं, आमच्या संगीतात तुम्हाला क्रिमसन ऐकू येतो का? फ्रिप म्हणाला, मला नाही येत, उलट क्रिमसनमध्येच टूलचा प्रभाव जास्त ऐकू येतो.

माझ्या मित्राच्या प्रश्नाचं उत्तर या एका प्रसंगात आहे. ज्याच्याकडून घेतलं त्यालाही ओळखू येऊ नये इतकं ते टूलच्या रक्तात मुरलंय. चाल उचलली की लगेच पकडली जाते. विचार करायची पद्धत उचलली तर ती घेणाऱ्याची स्वतःची होते. फ्लॉइडकडून लोकांनी आवाज घेतला, वातावरण घेतलं, गिटारचा तो लांबट सूर घेतला, म्हणून शंभर बँड फ्लॉइडसारखे वाजतात. क्रिमसनकडून घेण्यासारखं होतं ते धाडस आणि शिस्त, आणि ते घेतलेला बँड क्रिमसनसारखा वाजूच शकत नाही.

बाकी मेटलची यादी मोठी आहे, भराभर सांगतो. कॅनडाच्या व्होइव्हॉडने 'स्किझॉइड मॅन' वाजवलं. ड्रीम थिएटरने २००९ मध्ये 'लार्क्स टंग्ज'चा दुसरा भाग रेकॉर्ड केला. ऑझी ऑस्बोर्ननेही 'स्किझॉइड मॅन' गायलं, म्हणजे ब्लॅक सॅबथचा आवाज क्रिमसनच्या शब्दांना! २०१० मध्ये कान्ये वेस्टने 'पॉवर'मध्ये त्याच गाण्याचा तुकडा घेतला आणि ज्यांनी प्रोग (प्रोग्रेसिव्ह रॉक) हा शब्दही ऐकला नव्हता अशा कोट्यवधी लोकांच्या कानात १९६९ चा तो फाटका आवाज शिरला. माझ्या भाचीला तर किंग क्रिमसन हे नाव 'जोजो' या जपानी ॲनिमेमुळे माहीत होतं. तिथे एका पात्राच्या शक्तीला हे नाव दिलंय.

आता १९८१. सात वर्षांच्या खंडानंतर फ्रिपने पुन्हा बँड उभारला. ब्रुफर्ड होताच, जोडीला दोन अमेरिकन, बासवर टोनी लेव्हिन आणि टॉकिंग हेड्स या बँडसोबत वाजवून आलेला, गिटार वाजवणारा आणि गाणारा एड्रियन बेल्यू. अल्बमचं नाव 'डिसिप्लिन'. जुन्या क्रिमसनचं नामोनिशाण नाही, मेलोट्रॉन नाही, भव्यता नाही. दोन स्वच्छ गिटारी एकमेकींत विणल्यासारख्या वाजतात, इंडोनेशियाच्या गॅमेलान या वाद्यवृंदात सूर विणतात तशा. फ्रिपने ब्रुफर्डला झांजा कमी करायला सांगितलं, कारण त्यांचा वरच्या पट्टीतला झणत्कार गिटारींची जागा खातो. ड्रमरला असं सांगणं म्हणजे मोठीच गोष्ट, पण त्यामुळे त्या अल्बमला एक उघडा, मोकळा आवाज आला.

'फ्रेम बाय फ्रेम' हे गाणं तबल्याची थोडीफार जाण असलेल्या कोणीही ऐकावं. दोन्ही गिटारी सात-सातच्या हिशेबाने एकत्र निघतात, रूपकासारख्या. मग एक जण चौदा पूर्ण करत राहतो आणि दुसरा एक सूर गाळून तेरावरच वळतो. दर फेरीला दोघांत एकेका मात्रेचं अंतर पडत जातं. एकच चाल दोन ठिकाणांहून एकाच वेळी ऐकू यायला लागते, आणि सरकत सरकत दोघं पुन्हा एकत्र येतात. आपल्याला समेवर आल्याचं सुख काय असतं ते माहीत आहे, म्हणून मला वाटतं हे संगीत आपल्या कानाला अमेरिकन माणसाच्या कानापेक्षाही लवकर कळायला हवं. वरून बेल्यूचं गाणं इतकं साधं आणि गोड की खाली काय गणित चाललंय याचा पत्ताही लागत नाही. आज ज्याला मॅथ रॉक म्हणतात, दोन स्वच्छ गिटारींची गुंतागुंतीची वीण, तिचा धागा मला सरळ इथवर येताना ऐकू येतो. प्रायमस या अमेरिकन बँडच्या लेस क्लेपूलने आपल्या दुसऱ्या बँडसोबत याच अल्बममधलं 'थेला हुन गिंजीत' मंचावर वाजवलंय.

बँडबाहेरचा फ्रिप हा तर वेगळ्या लेखाचा विषय. १९७२ मध्ये तो आणि रॉक्सी म्युझिकचा ब्रायन ईनो यांनी दोन टेप रेकॉर्डर शेजारी ठेवले. पहिल्यावर रेकॉर्ड होणारी टेप दुसऱ्यापर्यंत जायची आणि तिथून काही सेकंदांनी तोच सूर परत यायचा. त्यावर पुढचा सूर, त्यावर पुढचा. आज कॅफेत एकटा गिटारवाला पायाखालचा लूप पेडल दाबून स्वतःचीच साथ करतो, तो या प्रयोगाचा वारसदार आहे. आणि डेव्हिड बोवीच्या 'हीरोज' या गाण्यातली ती आकाशातून आल्यासारखी गिटार फ्रिपचीच. बर्लिनच्या हान्सा स्टुडिओत त्याने जमिनीवर टेपच्या खुणा केल्या होत्या. स्पीकरपासून किती अंतरावर उभं राहिलं की फीडबॅकचा (स्पीकरच्या आवाजाने गिटार आपोआप गुंजते त्याचा) कोणता सूर लागतो त्याच्या खुणा. सूर हवा तसा तो जागा बदलत वाजवत गेला.

मग इतक्या मोठ्या बँडचं नाव आपल्याकडे इतकं कमी का ऐकू येतं? मला दोन कारणं दिसतात. एक, ओळखायला चेहराच नाही. दर दोन-चार वर्षांनी माणसं बदललेली. दुसरं, फ्रिप आपल्या संगीताच्या हक्कांबाबत कमालीचा कडक. स्पॉटिफायवर त्यांचे अल्बम २०१९ मध्ये आले, तोवर यूट्यूबवरही काही टिकत नसे. कलाकाराने आपल्या हक्कांसाठी भांडावं हे मला शंभर टक्के मान्य आहे, पण त्यामुळे ऐकणाऱ्यांची एक अख्खी पिढी हुकली याची हळहळही वाटते.

वादकांची पिढी मात्र हुकली नाही. डिसेंबर २००९ मध्ये पॉर्क्युपाइन ट्री हा इंग्लिश बँड आयआयटी मुंबईच्या मूड इंडिगो महोत्सवाला आला होता, तेव्हा मी पवईच्या त्या गर्दीत होतो. आजूबाजूची पोरं प्रत्येक ओळ बँडबरोबर म्हणत होती. मंचावर गाणारा स्टीव्हन विल्सन त्याच वर्षी 'इन द कोर्ट'चं नवं मिक्सिंग करून मोकळा झाला होता, आणि ड्रम्सवर बसलेला गॅव्हिन हॅरिसन आदल्याच वर्षी क्रिमसनबरोबर दौरा करून आला होता. क्रिमसन कधी आपल्याकडे आले नाहीत. पण त्या रात्री पवईत नाचणाऱ्यांनी त्यांचंच देणं ऐकलं, आणि त्यातल्या फार थोड्यांना ते ठाऊक होतं.

८ डिसेंबर २०२१ ला टोकियोत क्रिमसनचा शेवटचा कार्यक्रम झाला. २०२४ मध्ये बेल्यू आणि लेव्हिन यांनी ऐंशीच्या दशकातली गाणी वाजवायला बीट नावाचा बँड काढला. गिटारवर स्टीव्ह वाय, आणि ब्रुफर्डच्या जागी टूलचा डॅनी कॅरी.

ज्यांनी काहीच ऐकलेलं नाही त्यांनी पहिल्या अल्बमने सुरुवात करू नका. आधी 'रेड', तोही चांगल्या हेडफोनवर आणि 'स्टारलेस' मध्येच न तोडता. मग 'डिसिप्लिन'. त्यानंतर 'इन द कोर्ट'. आणि हे तीन झाल्यावर टूल किंवा पॉर्क्युपाइन ट्रीचा तुमचा आवडता अल्बम पुन्हा लावा, मग कमेंटमध्ये माझ्याशी खुशाल भांडा.