आळस नव्हे तो
एका लेखात म्हटलंय, मेंदूच्या गाठीतून बरी झालेली मुलं अभ्यासात मागे पडतात, कारण लक्ष टिकत नाही. अगदी खरं. माझ्या लेकीला सातव्या वर्षी मेड्युलोब्लास्टोमा, म्हणजे मेंदूतली कर्करोगाची गाठ झाली. ऑपरेशन, मग डोक्याला आणि मणक्याला रेडिएशन. आता ती आठवीत आहे. गणिताची दुसरी ओळ उतरवेपर्यंत फळा पुसलेला असतो. वहीत अर्धवट गणितांची पानंच्या पानं, खाली लाल शाईत शेरा, ‘आळस सोड.’ रेडिएशननं मेंदूतल्या पांढऱ्या द्रव्याला, म्हणजे मेंदूचे भाग एकमेकांशी जोडणाऱ्या तंतूंना इजा होते, विचारांचा वेग मंदावतो आणि ते काही वर्षांनी जाणवू लागतं, हे आम्हालाही कुणी नीट सांगितलं नव्हतं. परवा रात्री विचारत होती, ‘आई, मी ढ आहे का गं?’ एमआरआय वेळच्या वेळी होतो, तशीच लक्ष, स्मरण आणि मनाचीही तपासणी व्हायला हवी.