केली सिल्दारूचे कांस्यपदक

जानेवारी २०१६ मध्ये कोलोरॅडोतील ॲस्पेन येथे झालेल्या एक्स गेम्स या साहसी खेळांच्या स्पर्धेत एस्टोनियाच्या केली सिल्दारूने फ्रीस्टाइल स्कीइंगच्या स्लोपस्टाइल प्रकारात सुवर्णपदक जिंकले, तेव्हा ती १३ वर्षांची होती. तिच्याविषयी जे लिहिले जाते, ते बहुधा याच वयाच्या कौतुकापासून सुरू होते आणि बऱ्याचदा तिथेच थांबते. माझ्या मते तिची सर्वांत मोठी कामगिरी ते सुवर्ण नसून, सहा वर्षांनी बीजिंग ऑलिंपिकमध्ये मिळवलेले कांस्य ही आहे.

एस्टोनियातील सर्वांत उंच टेकडी, सुउर मुनामागी, समुद्रसपाटीपासून ३१८ मीटर उंच आहे. आपले कळसूबाई १,६४६ मीटर आहे, म्हणजे पाचपटीहून अधिक. या देशाला हिवाळी ऑलिंपिकची परंपरा नाही असे नाही, पण स्वतंत्र एस्टोनियाने २०२२ पूर्वी मिळवलेली सर्व हिवाळी पदके क्रॉस-कंट्री स्कीइंगमधली, म्हणजे सपाट व चढउताराच्या रानवाटांवर दमसास लावणाऱ्या खेळातली होती. स्लोपस्टाइलला मोठा उतार लागतो. वरच्या टप्प्यात लोखंडी रेलवरून घसरत जायचे, खालच्या टप्प्यात प्रचंड उंचवट्यांवरून हवेत झेपावून गिरक्या घ्यायच्या, आणि काही वेळा तर उडीकडे पाठमोरे जायचे. ज्या मुलीच्या घराजवळ असा डोंगरच नाही, तिला सरावासाठी परदेशी बर्फ गाठावाच लागतो.

त्यातच धोका दडलेला असतो. उत्तर गोलार्धात उन्हाळा असताना सरावासाठी दक्षिणेकडे जायचे आणि वर्षभर शरीराला उसंत द्यायची नाही, हा या खेळाचा रिवाजच आहे. २०१७ मध्ये न्यूझीलंडमधल्या सरावात केलीच्या गुडघ्याचे लिगामेंट, खेळाडूंच्या भाषेत एसीएल, तुटले. या दुखापतीचे प्रमाण स्त्री खेळाडूंमध्ये पुरुषांपेक्षा जास्त असते, आणि शस्त्रक्रियेनंतर पुन्हा स्पर्धेत उतरायला बहुतेकांना नऊ महिने ते वर्ष लागते. त्यामुळे २०१८ चे प्योंगचांग ऑलिंपिक तिच्या हातून गेले. वाढत्या वयाच्या शरीरावर दरवर्षी अधिक अवघड उडीचा भार टाकणाऱ्या व्यवस्थेविषयी आपण पुरेसे बोलत नाही, याची मला खरोखर चिंता वाटते.

जानेवारी २०१९ मध्ये ती ॲस्पेनला परतली आणि तिने स्लोपस्टाइलमध्ये सुवर्ण, सुपरपाइपमध्ये, म्हणजे बर्फातल्या इंग्रजी यू आकाराच्या मोठ्या खोबणीत होणाऱ्या प्रकारात, रौप्य आणि बिग एअर या एकाच प्रचंड उडीच्या प्रकारात कांस्य, अशी तीन पदके मिळवली. त्याच हिवाळ्यात पार्क सिटीतील जागतिक स्पर्धेत ती तशाच खोबणीतल्या हाफपाइप प्रकाराची विजेती ठरली. तुटून जोडलेल्या गुडघ्याने इतक्या उंचीवरून जमिनीवर उतरताना मनात काय चालत असेल, याचा अंदाज बाहेरच्याने करू नये. परंतु पूर्वीच्या निर्भयतेची जागा आता पूर्ण जाणिवेने पत्करलेल्या धोक्याने घेतली होती, असे मला तिची कामगिरी पाहताना वाटते.

फेब्रुवारी २०२२ मध्ये झालेल्या स्लोपस्टाइलच्या अंतिम फेरीत स्वित्झर्लंडच्या मातिल्ड ग्रेमोने ८६.५६ गुण मिळवून सुवर्ण जिंकले, चीनची आयलीन गू ८६.२३ गुणांसह दुसरी आली आणि केली ८२.०६ गुणांसह तिसरी. क्रॉस-कंट्रीबाहेर एस्टोनियाला मिळालेले ते पहिले हिवाळी ऑलिंपिक पदक होते. काही दिवसांनी हाफपाइपमध्ये तिचे कांस्यपदक अवघ्या ०.७५ गुणांनी हुकले आणि ती चौथी राहिली. एकाच ऑलिंपिकमध्ये दोन इतक्या भिन्न प्रकारांत पहिल्या चारांत येणे, तेही त्या दुखापतीनंतर, हे मला १३ व्या वर्षीच्या विक्रमापेक्षा कितीतरी अधिक मोलाचे वाटते, आणि तिच्या कारकिर्दीची ओळख करून देताना यापुढे सुरुवात इथून व्हावी अशी माझी इच्छा आहे.