दोन वल्ह्यांवरून एका वल्ह्यावर : निको रीन्क्सबद्दलच्या आक्षेपाला उत्तर

नमस्कार. डच रोअर (वल्हवणारा नौकापटू) निको रीन्क्सवरच्या लेखाबद्दल तुमचे आक्षेप दोन. अटलांटा ऑलिंपिकमधलं (१९९६) सुवर्ण आठ वल्हवणाऱ्यांत वाटलेलं, म्हणून ते सोल ऑलिंपिकमधल्या (१९८८) सुवर्णाच्या पंक्तीत बसवू नये. आणि वल्हवणं शेवटी एकच, मग डबल स्कलमधून (दोघांची नाव, प्रत्येकाकडे दोन वल्ही) ‘एट’मध्ये (आठ वल्हवणाऱ्यांची नाव) जाण्याचं कौतुक कशाला?

पहिला मुद्दा निम्मा मान्य. सोलला नावेत रीन्क्स आणि रोनाल्ड फ्लोरैन दोघंच होते. एकाचा हात चुकला की तो लगेच दिसणार.

दुसरा मात्र मुळीच पटत नाही. स्कलिंगमध्ये दोन हातांत दोन वल्ही, प्रत्येक साधारण २.९ मीटरचं, अंगाच्या दोन्ही बाजूंना सारखं काम. दत्तू भोकनळला रिओ ऑलिंपिकमध्ये वल्हवताना पाहिलेल्यांना हेच चित्र आठवेल. ‘एट’मध्ये प्रत्येकाला एकच वल्हं, जवळपास पावणेचार मीटरचं, आणि कंबरेपासून वरचं अंग रिगरच्या (नावेबाहेर आलेला, वल्हं टेकवायचा सांगाडा) बाजूला वळवावं लागतं. रिगरजवळचा हात पातं फिरवतो. मुठीच्या टोकाचा हात मुख्यतः ओढतो, त्याचं मनगट सपाटच राहायला हवं. स्कलरला दोन्ही मनगटं फिरवायची वर्षानुवर्षांची सवय. ती इथे आली की पातं पुरतं उभं न होता पाण्यात शिरतं, खोल जातं, वेळेत बाहेर निघत नाही आणि मूठ उलटी येऊन पोटावर आदळते. यालाच ‘क्रॅब’ म्हणतात.

वेगाचंही बघा. दोन्ही शर्यती २००० मीटरच्या. सोलला ६:२१.१३, अटलांटाला ५:४२.७४. पाणी आणि वारा वेगळे होते हे धरूनही, सेकंदाला सुमारे ५.२ मीटरवरून ५.८ मीटर. म्हणजे पातं टेकवायला मिळणारा क्षण आणखी लहान. उशीर झाला तर ते पाणी पकडण्याऐवजी नावेलाच अडवतं, आणि त्या एकाचा भार उरलेल्या सातांवर पडतो. मुठींची उंची जुळली नाही की नाव एका कुशीवर कलते, मग खालच्या बाजूच्या चौघांची पाती परतताना पाण्याला घासतात.

अटलांटाच्या नावेत फ्लोरैन होताच, शिवाय बार्सिलोनात (१९९२) रीन्क्ससोबत डबल स्कलचं कांस्य मिळवणारा हेंक-यान झ्वॉलेही. दोन वल्ह्यांवर पदकं मिळवलेले तिघे एकाच ‘एट’मध्ये, आणि जर्मनी १.८४ सेकंदांनी मागे.

लेखात दोन्हींना नुसतं ‘वल्हं’ म्हटल्यानं घोटाळा झाला, ती चूक लेखाची. तिथे आता ‘स्कल’ (दोन वल्ह्यांचं) आणि ‘स्वीप’ (एका वल्ह्याचं) असे वेगळे शब्द घातले आहेत.