एका रात्रीत दोन किलो? पोराचं वजन असं तोडू नका

शालेय कुस्तीचा हंगाम आला की पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो: कुस्तीगीर अमन सेहरावतनं दहा तासांत 4.6 किलो उतरवून ऑलिंपिक पदक आणलं, मग तुमच्या पोराला दोन किलो काय जड? पाणी तोडा, रेनकोट घालून पळवा. घामावाटे चरबी जाते. स्पर्धेच्या काट्यावर वजन झालं की दोन तासांत सगळं भरून निघतं, आणि खालच्या वजनगटात पदक सोपं.

मी तालमीत वाढलो, आता शाळेत पोरांना कुस्ती शिकवतो. मला हा मेसेज बघवत नाही.

अमनचं खरं आहे. पण 2024 ला पॅरिसमध्ये तो 21 वर्षांचा होता आणि त्या रात्री प्रशिक्षक त्याच्यासोबत जागे होते. त्याच आठवड्यात विनेश फोगाट रात्रभर झटली, केससुद्धा कापले, तरी 100 ग्रॅम जास्त भरले. ती अपात्र ठरली आणि अंगातलं पाणी कमी झाल्यानं तिला दवाखान्यात न्यावं लागलं. मेसेजमध्ये ती नाही.

घामावाटे चरबी जात नाही, पाणी जातं. एक किलो चरबी म्हणजे जवळपास 7,700 कॅलरी. चौदा वर्षांचं पोर तेवढं तीन दिवसांत खातं. एका रात्रीत ती जळेल कशी? रेनकोटनं घाम वाळत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही आणि ताप चढतो. 1997 च्या नोव्हेंबर-डिसेंबरात अमेरिकेत असंच वजन उतरवताना कॉलेजचे तीन मल्ल दगावले. त्यानंतर तिथल्या कॉलेज कुस्तीत रबरी सूट आणि सौना यांवर बंदी आली. काही जण लघवी वाढवून पाणी काढणारी गोळी देतात. ती तर उत्तेजकविरोधी नियमांत बंदच आहे, पोर पकडलं गेलं तर कुस्तीही जाईल.

दोन तासांत भरून निघतं म्हणे! तालुक्याच्या स्पर्धेला आलेला एक पोरगा मला अजून दिसतो. 48 किलोच्या गटात बसायचं म्हणून आदल्या दुपारपासून बाटलीच्या झाकणानं पाणी पीत होता, ओठ फुटलेले. काट्यावरून उतरला, चार केळी आणि लिटरभर पाणी एका दमात घेतलं, मॅटच्या कडेला ओकला. कुस्तीच्या दुसऱ्या मिनिटाला पोटरीत गोळा आला. हाताला धरून बाहेर आणला.

खालच्या गटाचं म्हणाल, तर तिथली इतर पोरं भरपेट जेवून आलेली असतात. आणि वाढत्या वयात हाडाला, उंचीला लागणारा खुराकच तोडला, तर पुढच्या वर्षीची ताकद कुठून यायची? वजनगट हंगामाच्या दोन-तीन महिने आधी, पोर पोटभर जेवत असताना काट्यावर उभं करून ठरवा. गट वरचा निघाला तर वरचा.

तो पोरगा पुढच्या वर्षी 55 किलोच्या गटात खेळला. दुसऱ्या फेरीत गुणांवर हरला, पण शेवटच्या शिट्टीपर्यंत पट काढायला, म्हणजे पाय धरून पाडायला, जात होता.