टाकी फुल केली म्हणून गाडी फुटत नाही, झाकण मात्र उघडू नका

एक मेसेज फिरतोय. वर इंडियन ऑइलचा लोगो, खाली 'जनहितार्थ', आणि मजकूर असा: तापमान वाढतंय, टाकी फुल करू नका, स्फोट होईल. अर्धीच भरा, बाकी जागा हवेला ठेवा. या आठवड्यात फुल टाकीमुळे पाच स्फोट झाले. दिवसातून एकदा झाकण उघडून आतला गॅस बाहेर जाऊ द्या. आमच्याकडे आलेल्या मेसेजला तर कुणीतरी 'पेट्रोल पहाटेच भरा, जास्त मिळतं' हे शेपूटही जोडलंय. दर उन्हाळ्यात हे फिरतं आणि दर उन्हाळ्यात मी डिलीट करतो. यंदा नागपुरातल्या मानेवाड्याच्या आमच्या काकांनी ते अमलात आणलं, म्हणून लिहितोय.

आधी झाकणाचं बोलू, कारण सगळ्यात घातक तेच आहे. काकांची स्कूटर पोर्चमध्ये उभी राहते, बेडरूमच्या खिडकीला लावलेल्या कूलरला अगदी खेटून. रोज संध्याकाळी सीट उचलायची, झाकण काढायचं आणि तसंच ठेवून चहा प्यायला आत जायचं. काकू दोनदा म्हणाल्या, कूलरमधून पेट्रोलचा वास येतो. येणारच! कूलर बाहेरची हवा ओढून खोलीत फेकतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड, ती वर उडून जात नाही, फरशीवर साचते. त्यात कूलरची मोटर, पाण्याचा पंप, बटण दाबताना पडणारी बारीक ठिणगी. ज्या गोष्टीची भीती घातली, ती घडवून आणायची कृतीच या मेसेजनं लोकांच्या हाती दिली आहे. वर, उडून जातो तो पेट्रोलचा सगळ्यात हलका भाग, ज्याच्या जोरावर सकाळी गाडी चटकन सुरू होते.

काकांना सांगितलं तर म्हणाले, "काहून बे, इंजिनात स्फोटच होते ना? मग टाकीत काहून नाही होणार?" प्रश्न चांगला आहे. इंजिनात काय होतं ते पाहा. पिस्टन खाली येतो तेव्हा हवा आणि पेट्रोल आत येतं, वजनानं साधारण पावणेपंधरा भाग हवेला एक भाग पेट्रोल. पिस्टन वर जाऊन ते मिश्रण जवळजवळ दहापट दाबतो, मग प्लग ठिणगी टाकतो. पेटलेला वायू पिस्टनला खाली ढकलतो, पुढच्या फेरीत धूर सायलेन्सरवाटे बाहेर. एवढं सगळं जुळवलं, तरी ठिणगी नसेल तर गाडी ढिम्म हलत नाही. डिझेलला प्लग नसतो, पण तिथं हवा इतकी दाबतात की ती पाचशे अंशांच्या वर तापते.

आता टाकी. ठिणगीशिवाय आपोआप पेटायला पेट्रोलला साधारण अडीचशे अंश लागतात. नागपूरचा विक्रम आहे 47.9 अंशांचा, 23 मे 2013 चा. उन्हातली टाकी त्याहून बरीच तापते, मान्य, पण अडीचशे कुठे? शिवाय पेट्रोलची वाफ जळते ती हवेत दीड ते साडेसात टक्के असेल तरच. बंद टाकीत मे महिन्यात वाफेचं प्रमाण त्याच्या कितीतरी वर असतं, हवाच पुरत नाही. आणि 'हवेला जागा' हवी म्हणून अर्धी टाकी रिकामी ठेवली, तर तिथंही पेट्रोलची वाफच भरते.

खुद्द इंडियन ऑइलनं या मेसेजचा केव्हाच जाहीर इन्कार केला आहे. गाडी बनवणारे बाहेरचं तापमान धरून, वर सुरक्षेचं माप ठेवूनच टाकी बनवतात; त्यांनी दिलेल्या कमाल मर्यादेपर्यंत इंधन भरणं उन्हाळ्यात काय, हिवाळ्यात काय, पूर्ण सुरक्षित आहे, असं कंपनीचंच म्हणणं आहे. ज्याच्या नावानं इशारा, तोच नाही म्हणतो. आणखी काय पाहिजे? पेट्रोलच्या साठवणुकीचे परवाने देणाऱ्या 'पेसो'चं मुख्यालय आपल्याच सेमिनरी हिल्सवर आहे, आणि या शहरात हा मेसेज डोळे मिटून पुढे जातो!

एवढं मात्र कबूल करावं लागेल की पेट्रोल उष्णतेनं फुगतं. पाच लिटर पेट्रोल वीस अंशांनी तापलं तर शंभर मिलिलिटरच्या आत-बाहेर वाढतं. त्यासाठी टाकीत जागा सोडलेलीच असते. नोझल 'टक' करून बंद पडलं की थांबायचं. पण आपण पैसे राउंड फिगर करायला पंपावरच्या पोराला सांगतो, "अजून थोडं टाक," आणि मग नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, उन्हात लावलेल्या गाडीखाली पेट्रोल ठिबकतं. नव्या गाड्यांत वाफ शोषायला कोळशाचा डबा असतो, इंजिन चालू झालं की ती वाफ तिथून ओढून जाळली जाते. गळ्यापर्यंत भरलं तर त्या डब्यात पेट्रोल शिरून तो खराब होतो.

ते पाच स्फोट कोणत्या गावात, कोणत्या तारखेला झाले, ते मेसेजमध्ये नाही. उन्हाळ्यात गाड्या पेटतात, हे खरं. पण बघायला गेलं तर बहुतेकदा शॉर्टसर्किट, बाहेरून लावून घेतलेल्या लाइटांची वायरिंग, नाहीतर गळकी पाइप निघते.

राहिलं पहाटेचं पेट्रोल. पंपाची टाकी जमिनीखाली असते, तिथलं तापमान सकाळ-दुपार फारसं हलत नाही. पहाटे उठायचंच असेल तर फुटाळा तलावावर फिरायला जा.